संगणक कक्षाची किल्ली

1986 साली गणित-विज्ञानाचा शिक्षक म्हणून सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी रुजू झालो आणि 2019 साली त्याच शाळेतून सेवानिवृत्त झालो. ह्या तेहतीस वर्षांत आमच्या शाळेची संगणकव्यवस्था पाच वेळा बदलली. त्यांपैकी चार वेळा कोणता संगणक घ्यावा, त्यावर कोणती प्रणाली असावी, ती किती काळ चालवावी आणि बिघाड झाल्यास कोणाचे दार ठोठावावे, हे सारे शाळेपासून पुष्कळ दूर, एखाद्या खात्याच्या टिपणीत, निविदेच्या अटींत किंवा देणगीदाराच्या मर्जीत ठरले. आमच्या वाट्याला माल मिळाल्याची पोच देण्याचे काम तेवढे आले. एकदाच निवड आम्ही स्वतः केली. त्या निवडीत आमच्या चुका झाल्या, गावात बोल लागला, काही पालक दुरावले. परंतु शाळेने संगणक निवडताना काय पाहावे हे मला त्या एका खेपेनेच शिकवले, आणि ते लिहून ठेवावे असे फार दिवस मनात होते.

आमच्याकडे पहिला संगणक आला तो केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून. 1984-85 साली देशातील सुमारे अडीचशे शाळांपासून सुरू झालेल्या ह्या योजनेसाठी ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीने तयार केलेला बीबीसी मायक्रो हा संगणक निवडण्यात आला होता. पुढे योजनेचा विस्तार झाला, तेव्हा आमच्या शाळेचा क्रमांक लागला आणि दोन यंत्रे लाकडी खोक्यांतून एसटीच्या टपावरून आमच्या गावी उतरली. ह्या यंत्राच्या नावात ब्रिटिश नभोवाणीचे नाव का, हे मला पुष्कळ उशिरा समजले. नभोवाणीने 1982 साली सर्वसामान्यांना संगणक शिकवणारी दूरचित्रवाणी मालिका प्रसारित केली. मालिका, तिच्याबरोबरची पुस्तके, शिक्षकांसाठीचे साहित्य आणि घरी किंवा शाळेत सराव करण्याजोगे यंत्र, असा तो सबंध बेत होता, आणि मायक्रो हा त्या बेताचा केवळ एक अवयव होता. आमच्याकडे तो अवयव तेवढा पोचला. ज्या देहाचा तो होता तो देह मागेच राहिला.

मला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी परजिल्ह्यात पाठवले होते. तेथून परतलो तो मनात पुष्कळ उमेद घेऊन. परंतु येऊन पाहतो तर दोन्ही यंत्रे मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाटात कुलूपबंद. त्याबद्दल त्या गृहस्थांना दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. यंत्रांची नोंद जडवस्तू संग्रहाच्या, ज्याला आम्ही सारे डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो, त्या वहीत त्यांच्या सहीने झाली होती. वस्तू मोडली, हरवली तर वसुली कोणाच्या पगारातून होईल हे त्यांना पक्के ठाऊक होते. आणि ज्या माणसाला वस्तू वापरल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही, पण मोडल्याबद्दल मात्र विचारतो, तो माणूस ती वस्तू कपाटात ठेवणार हे उघड आहे. आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर, माझ्या जबाबदारीच्या लेखी कबुलीवर ती यंत्रे बाहेर निघू लागली.

त्या यंत्राची एक गोष्ट मात्र पुढच्या एकाही यंत्रात मला सापडली नाही. कळ दाबली की दोन सुरांचा आवाज होई, पडद्यावर यंत्राचे नाव आणि बत्तीस किलोबाइट स्मृतीचा आकडा उमटे, त्याखाली बेसिक हा शब्द येई, आणि लगेच एक लहानसे चिन्ह मुलाच्या आज्ञेची वाट पाहत थांबे. यंत्र आणि मूल ह्यांच्यामध्ये दुसरे कोणी नव्हते. नववीतल्या एका मुलीने एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवणारा कार्यक्रम लिहिला. ओळींना दहा, वीस, तीस असे क्रमांक द्यायचे, म्हणजे मध्ये नवी ओळ घालायची झाल्यास जागा राहते, हे तिने स्वतःच ताडले होते. विसाव्या ओळीत तिने एक अक्षर चुकवले, तेव्हा पडद्यावर ‘मिस्टेक ॲट लाइन 20’ असे उमटले. तिने ते माझ्याकडून समजून घेतले, चूक दुरुस्त केली, आणि मग सहज विचारले, “सर, ह्याला मराठी येत नाही का?” मी नाही म्हणालो. तेवढ्यात वीज गेली आणि कार्यक्रम पुसला गेला. दुसऱ्या खेपेस ती येताना वही घेऊन आली. कार्यक्रम आधी वहीत उतरवायचा आणि मग यंत्रात भरायचा, ही रीत आमच्या शाळेत तिच्यापासून पडली. तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला पुढे सत्तावीस वर्षे लागली.

ती यंत्रे 1993च्या सुमारास कायमची बंद पडली. एकाचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला, दुसऱ्याच्या कळफलकाची निम्मी अक्षरे उमटेनाशी झाली. बिघाड किरकोळ होते. परंतु तोवर बाजारात सर्वत्र आयबीएमच्या जातीचे संगणक आले होते, त्यांचे सुटे भाग पुण्याच्या कोणत्याही दुकानात मिळत, आणि आमच्या यंत्राचे झाकण उघडून पाहायलाही कोणी कारागीर तयार होईना. शाळेसाठी निवडलेले यंत्र कितीही गुणी असले तरी ज्याच्यासारखे दुसरे यंत्र पन्नास मैलांच्या टापूत नाही, त्याचे आयुष्य त्याच्या सर्वांत दुबळ्या भागाइतकेच असते. निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होऊन येईपर्यंत आणखी सहा वर्षे ती दोन्ही दरवर्षीच्या तपासणीत मोजली जात राहिली.

दुसरी पिढी देणगीची. एका बँकेने वापरून काढून टाकलेले सहा संगणक आम्हाला मिळाले, त्यांवर विंडोज 98 होती. ह्या काळाबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे. यंत्रे मिळाली, पण प्रणालीच्या मूळ तबकड्या वा परवाने मिळाले नाहीत; यंत्र बिघडले की मी पुण्याच्या एका ओळखीच्याकडून आणलेल्या नकलेच्या तबकडीवरून ती पुन्हा बसवत असे. आम्ही सारेच तसे करत होतो, आणि दुसरा मार्ग आहे हे मला ठाऊक नव्हते. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्या मुलाला ज्या खोलीत मी उभे केले होते, त्याच खोलीत ती नक्कल केलेली तबकडी माझ्या खणात होती. हे शल्य मला बरीच वर्षे बोचत राहिले, आणि पुढे जो निर्णय आम्ही घेतला त्याच्या मुळाशी तेही होते.

2004च्या डिसेंबरात केंद्र सरकारने शाळांमधून माहिती-तंत्रज्ञान शिकवण्याची मोठी योजना आणली, आणि 2008 साली तिच्यातून आमच्याकडे तिसरी व्यवस्था आली. ह्या योजनेत ठेकेदार संस्थेने स्वखर्चाने कक्ष उभारावा, स्वतःचा निदेशक नेमून तो पाच वर्षे चालवावा, सरकारने हप्त्याहप्त्याने पैसे द्यावेत, आणि मुदत संपल्यावर सारे शाळेच्या स्वाधीन करावे, अशी पद्धत होती. कागदावर ती मला फार पसंत पडली होती. दहा संगणक, त्यांवर विंडोज एक्सपी, छपाईयंत्र, विजेच्या खंडात काही वेळ तग धरणारा यूपीएस, नव्या खुर्च्या, भिंतीवर रंगीत तक्ते. आमच्या गावाने एवढा थाट पाहिला नव्हता. उद्घाटनाला आलेल्या पालकांनी चपला बाहेर काढल्या.

पाच वर्षे कक्ष चालला. निदेशक होतकरू मुलगा होता. त्याला महिन्याचा जो मोबदला मिळे त्यात त्याचे घर चालत नसे, म्हणून दर वर्षा-दीड वर्षाने निदेशक बदलत गेला. प्रत्येक संगणकावर व्यवस्थापकाचे एक खाते होते आणि त्याचा परवलीचा शब्द संस्थेच्या जिल्हा कार्यालयाकडे असे. मुलांना चित्र काढता येई, इंग्रजीत पत्र टंकलिखित करता येई, आकड्यांचा तक्ता भरता येई. परंतु नवे काहीही बसवता वा बदलता येत नसे. हे योग्यच आहे, मुले यंत्रे बिघडवतील, असे मलाही वाटे, आणि म्हणून तो शब्द आपल्याकडे का नाही हा प्रश्न मी पाच वर्षांत एकदाही लेखी विचारला नाही. ती चूक माझी होती.

त्या पाच वर्षांतल्या शेवटच्या वर्षी आमच्या शाळेच्या वार्षिक हस्तलिखितात काही मजकूर संगणकावर टंकलिखित करून घ्यावा असे ठरले. आठवीतल्या एका मुलीने आजीच्या जात्यावर फार सुरेख लेख लिहिला होता. जात्याच्या खुंट्याला वरच्या भागी आजीच्या तळव्याने आणि खालच्या भागी पणजीच्या तळव्याने पडलेले दोन वेगळे खळगे तिने त्यात वर्णिले होते. निदेशकाने तिला एका जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात तो लेख उतरवायला शिकवले. ह्या टंकाची अडचण अशी की यंत्राच्या लेखी ते मराठी नव्हतेच. आत रोमन अक्षरेच साठवलेली असत आणि त्यांवर देवनागरीचे सोंग चढवलेले असे. टंकलेखनयंत्राच्या जुन्या रिवाजाप्रमाणे पहिली वेलांटी आधी उमटवावी लागे आणि अक्षर मागून. ती मुलगी दर वेळी अक्षर आधी दाबे, मग पुसून पुन्हा करी. चार तासिका खपून लेख पुरा झाला. दुसऱ्या दिवशी छपाईयंत्र ज्या संगणकाला जोडले होते त्यावर तो उघडला, तर त्या संगणकावर तो टंक बसवलेला नव्हता. पडद्यावर रोमन अक्षरांची, कंसांची आणि स्वल्पविरामांची एक निरर्थक गर्दी दिसत होती. मुलीने पडद्याकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही.

मी त्या दिवशी प्रथमच हा मामला मुळापासून समजून घेण्याच्या मागे लागलो. जगातील सर्व लिप्यांना सारखे स्थान देणारी युनिकोड ही संकेतप्रणाली विंडोज एक्सपीला अवगत आहे, परंतु देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्यांच्या फाइली मूळ बसवणीत घातलेल्या नसतात. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर एक चौकट टिचकीने भरावी लागते आणि मग संगणक मूळ तबकडी मागतो, हे मी शोधून काढले. म्हणजे आमच्या दहा संगणकांना मराठी येऊ शकत होती. केवळ एक चौकट भरायची होती आणि एक तबकडी घालायची होती. चौकट भरायला व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द हवा होता, तो जिल्हा कार्यालयात होता. आणि तबकडी कोठे होती हे कोणालाच सांगता येईना. मी दोन अर्ज केले. आवक-जावक बारनिशीत दोन्ही अर्जांचे जावक क्रमांक आहेत; उत्तराचा आवक क्रमांक नाही.

2013च्या जूनमध्ये मुदत संपली आणि हस्तांतरण झाले. संस्थेचा माणूस छापील यादी घेऊन आला. पडदे दहा, कळफलक दहा, माउस दहा, खुर्च्या वीस, पंखे दोन. एकेक वस्तूपुढे बरोबरची खूण झाली, मुख्याध्यापकांनी सही केली, शिक्का मारला, मी साक्षीदार म्हणून सही केली. परवलीचा शब्द यादीत नव्हता, म्हणून तो कोणी दिला नाही आणि कोणी मागितलाही नाही. निदेशक त्याच दिवशी गेला. पुढच्या आठवड्यात दोन संगणकांवर विषाणू शिरला, आणि ती यंत्रे आमच्या मालकीची असूनही त्यांचे दार आम्हाला उघडता येत नाही, हे शिपाईमामांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना एकदमच कळले. कक्षाची किल्ली माझ्या खिशात होती; संगणकांची किल्ली पाच वर्षे दुसऱ्याकडे होती आणि आता तर कोणाकडेच नव्हती.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा, मला भेटायला आला. सारी कैफियत ऐकून घेऊन तो म्हणाला, “सर, दोन दिवस द्या आणि कक्ष उघडून द्या.” दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर त्याने लुबंटू ही लिनक्सची हलकी आवृत्ती आणली होती. लिनक्स मुक्त प्रणाली आहे, तिच्या प्रती करणे, वाटणे, बदलणे ह्यांस मुभा आहे, एवढे मी वाचून होतो. परंतु पाच वर्षे वापरलेल्या, एक गिगाबाइट स्मृतीच्या आमच्या यंत्रांवर ती चालेल असे मला वाटले नव्हते. पहिल्या संगणकाला पाऊण तास लागला. त्याने व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द घालायच्या ठिकाणी हात थांबवला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाला, “हा तुम्ही घाला. मला सांगू नका.” तेवढ्या एका वाक्याने त्या मुलाने मला जे दिले ते कोणत्याही योजनेने दिले नव्हते.

दुसऱ्या संगणकावर आम्ही इन्स्क्रिप्ट कळफलक चालू केला. भारतीय लिप्यांसाठी सरकारने प्रमाण ठरवलेली ही रचना. तिच्यात डाव्या हाताकडे स्वर आणि उजव्या हाताकडे व्यंजने, आणि अक्षर ज्या क्रमाने आपण उच्चारतो त्याच क्रमाने ते टंकायचे. सुटी संपल्यावर ती जात्याची मुलगी, आता नववीत, मी मुद्दाम बोलावली. क आधी, वेलांटी नंतर, एवढेच मी तिला सांगितले. तिने काही क्षण कळांकडे पाहिले आणि ती हळू आवाजात बाराखडी म्हणत टंकू लागली: कला काना का, कला पहिली वेलांटी कि, कला दुसरी वेलांटी की. पहिलीच्या वर्गात पाटीवर गिरवलेला क्रम आणि यंत्राचा क्रम एकच निघाला. चार तासिका लागलेला लेख तिने तिच्या मनाने नव्याने लिहिला, तो दहाही संगणकांवर तसाच उघडला आणि छापलाही गेला. 1986 सालच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले; विचारणारी मुलगी तोवर स्वतः दोन मुलांची आई होऊन मुंबईला गेली होती.

येथपर्यंतची हकीकत सुखाची आहे. ह्यापुढची सांगणे अधिक जरूर आहे, कारण आम्ही जे केले त्यात आमचे चुकलेही. नवी व्यवस्था सुरू झाल्यावर महिन्याभरात पालकसभेत तक्रार आली. एक शेतकरी उभे राहिले आणि म्हणाले, “मास्तर, कचेरीत, बँकेत सगळीकडे विंडोज हाय. आमच्या पोरांना तुमी वेगळंच शिकिवताय. उद्या नोकरीला गेल्यावर त्यांनी काय करायचं?” मी त्यांना प्रणालीचे तत्त्वज्ञान सांगू लागलो, स्वातंत्र्य, स्वावलंबन वगैरे शब्द वापरले, आणि सभा ऐकेनाशी झाली. त्यांचा प्रश्न खरा होता. आमच्या भागातील मुले दहावी-बारावीनंतर एमएस-सीआयटीच्या वर्गाला जात. 2001 साली सुरू झालेला तो अभ्यासक्रम सरकारी नोकरीसाठी मागितला जाई, आणि त्या वर्गांत विंडोजच असे. शिवाय शाळेच्या स्वतःच्या दफ्तरातही अडचण झाली. वरून येणाऱ्या माहितीच्या काही तक्त्यांत अशी स्वयंचलित सूत्रे असत की ती आमच्या नव्या प्रणालीवरच्या लिबरऑफिसमध्ये चालत नसत, आणि आमचे कारकून रात्री तालुक्याच्या सायबर कॅफेत बसून ते तक्ते भरून आणत. सहा महिने मी हा हट्ट धरून ठेवला. कारकुनांच्या रात्री मी मोजल्या नाहीत.

शेवटी दोन संगणकांवर रीतसर परवाना विकत घेऊन विंडोज बसवली, एक कार्यालयासाठी आणि एक कक्षात, आणि दहावीच्या मुलांना दोन्ही प्रणालींवर हात फिरवायला लावू लागलो. तेव्हा माझ्या ध्यानात आले की दोन प्रणाली शेजारी-शेजारी पाहिलेले मूल एकीचीच बटणे पाठ केलेल्या मुलापेक्षा पुष्कळ निर्धास्त असते. फाइल ही वस्तू काय आहे, ती कोठे राहते, हे त्याला बटणांपलीकडे जाऊन शोधावे लागते. नोकरीच्या प्रश्नाचे उत्तरही कालांतराने मिळाले, पण ते मी दिलेले नव्हते. 2008 साली आमच्या कक्षात आठवीत एक्सपी शिकलेली मुले पदवीधर होण्यापूर्वीच, 8 एप्रिल 2014 रोजी, एक्सपीचा पाठिंबा तिच्या निर्मात्या कंपनीनेच थांबवला. आज कचेरीत जे चालते ते हुबेहूब शिकवावे म्हटले तरी शाळेतल्या मुलाची कचेरी दहा वर्षे पुढे असते.

2016च्या मे महिन्यात मी केरळात गेलो होतो, तेव्हा त्रिशूरच्या बाजूच्या एका सरकारी शाळेत सुटीत चाललेले शिक्षकांचे प्रशिक्षण पाहण्याचा योग आला. त्या राज्याने 2001 साली आयटी@स्कूल हा प्रकल्प सुरू केला, आणि काही वर्षांतच शाळांतील माहिती-तंत्रज्ञानाचे सारे शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले. आमच्या शाळेत ज्या प्रणालीसाठी मी एकटा भांडत होतो, ती तेथे साऱ्या राज्याच्या सरकारी शाळांत नांदत होती. पाहिले तर कारण स्पष्ट होते. पाठ्यपुस्तक त्या प्रणालीला धरून लिहिलेले होते आणि मल्याळममध्ये होते. दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा त्याच प्रणालीवर होती. प्रणालीची आवृत्ती राज्याने आपल्या अभ्यासक्रमासाठी स्वतः बांधून घेतली होती. आणि शिकवणारे ठेकेदाराचे निदेशक नव्हते, शाळेचेच गणिताचे, भाषेचे, समाजशास्त्राचे शिक्षक होते. एक प्रौढ शिक्षिका, त्यांची माझी भाषा एक नव्हती, मोडक्या इंग्रजीत मला म्हणाल्या की संगणक बिघडला तर त्या आधी स्वतः पाहतात, मग शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला फोन करतात. ब्रिटिश नभोवाणीच्या 1982 सालच्या बेतात जो सबंध देह होता, तो मला येथे दिसला. मला हेवा वाटला, आणि आपल्या एका शाळेचे बेट किती एकाकी होते हेही उमजले. आपल्याकडेही सी-डॅकने तयार केलेली बॉस ही भारतीय भाषांना धरून असलेली मुक्त प्रणाली 2007पासून होती. परंतु प्रणाली असणे आणि तिच्याभोवती पुस्तक, परीक्षा नि शिक्षक उभे करणे ह्यांत जे अंतर आहे ते आपण चाललो नाही.

चौथ्या व्यवस्थेत आम्ही असतानाच पाचवी येऊन दाखल झाली. 2015च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम सुरू झाल्यावर गावोगावी लोकवर्गणीतून प्रक्षेपक, मोठे पडदे आणि टॅब्लेट आले. त्यात ग्रामस्थांचा उत्साह फार खरा होता, आणि जिल्हा परिषदेच्या कित्येक शिक्षकांनी त्यातून सुंदर काम केले आहे. आमच्या शाळेने जे टॅब्लेट घेतले त्यांतील पाठ मात्र विक्रेत्याने मुदतबंद करून दिले होते. दोन वर्षांनी नूतनीकरणाचे शुल्क भरले नाही तेव्हा पाठ उघडेनासे झाले. पुन्हा किल्ली दुसरीकडेच राहिली होती. ह्या वेळी खरेदी समितीत मी होतो, तरीही करारनाम्याचे चौथे पान मी वाचले नव्हते.

निवृत्तीनंतर वर्षभरात कोरोनाची साथ आली आणि शाळांनी निवडलेल्या साऱ्या व्यवस्था कुलपांत राहिल्या. मुले ज्यावर शिकली तो अँड्रॉइडचा फोन होता, तोही बापाचा, आणि बाप ऊसतोडीला गेला की फोनही जाई. त्या दोन वर्षांत मी मंदिराच्या ओवरीत बसून मुलांना पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून दीक्षा ॲप उघडून देत असे. कोणत्याही समितीने, कोणत्याही निविदेने ही व्यवस्था निवडली नव्हती. ती घरात होती म्हणून वापरली गेली. शाळांनी संगणक निवडताना मुलाच्या घरी काय आहे, हा प्रश्न यादीत कधी घातला होता का, ते मला आठवत नाही.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चाही नेहमीचा पाठिंबा संपला. नवी विंडोज 11 जुन्या यंत्रांना सहजासहजी स्वीकारत नाही. तिला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या तालुक्यातील तीन शाळांचे मुख्याध्यापक त्यानंतरच्या हिवाळ्यात सल्ल्यासाठी माझ्याकडे आले. त्यांच्या कक्षांतील यंत्रे चांगली चालती आहेत आणि तरीही ती निर्लेखनाला लावावीत काय, असा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना सांगितले की घाई करू नका. एका यंत्रावर लिनक्स बसवून महिनाभर पाहा, कारकुनांचे संगणक त्यातून वगळा, आणि ठरवण्याआधी संगणक शिकवणाऱ्या शिक्षकाला व आठवीच्या दोन मुलांना शेजारी बसवून विचारा.

ज्या शाळांत ह्या वर्षी नवा कक्ष येणार आहे, त्यांच्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांना माझी हात जोडून विनंती आहे. पोचपावतीवर सही करण्यापूर्वी यादीत आणखी तीन ओळी लिहून घ्या: व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द, प्रणाली पुन्हा बसवण्याचे साधन, आणि कळफलकावर चालू असलेली मराठी. कोणतेही एक यंत्र सुरू करून त्यावर मुलाकडून त्याच्या गावाचे नाव देवनागरीत लिहवून घ्या, ती फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. परवलीचा शब्द मोहोरबंद लिफाफ्यात घाला आणि तो लिफाफा जेथे शाळेचे जनरल रजिस्टर ठेवता त्याच कपाटात ठेवा. आमच्या शाळेत तो 2013पासून तेथे आहे. मुख्याध्यापक तीनदा बदलले, प्रत्येकाने कार्यभार घेताना त्याची पोच दिली आहे.